तीन खोल्या, असाकुसा

आईच्या मैत्रिणीचा, अनया मावशीचा फोन आला तेव्हा उत्तरा आईचे स्वेटर घड्या घालून पिशव्यांत भरत होती. सप्टेंबर संपत आला होता. आईला जाऊन सहा महिने झाले होते आणि या सहा महिन्यांत बाबांनी त्या कपाटाला हात लावला नव्हता. म्हणून ती ओहायोतल्या डब्लिनहून तीन आठवड्यांसाठी मिनेसोटात, ईडन प्रेरीच्या घरी आली होती. दिवसा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून नोकरी करायची आणि संध्याकाळी एकेक कप्पा रिकामा करायचा.

मावशीने आधी बाबांच्या शुगरची चौकशी केली, मग उत्तराच्या जेवणाची, मग थंडी यंदा लवकर पडणार म्हणतात त्याची. त्यानंतर जरा थांबून तिने मुद्द्याला हात घातला. नोव्हेंबरात ते चौघं टोकियोला निघाले होते: ती, प्रताप काका, सुमंत काका आणि आश्लेषा काकू. तिकिटं झाली होती. अडलं होतं ते राहायचं कुठे यावर. प्रताप काकांनी शंभर हॉटेलं पाहिली होती आणि आता त्यांचं डोकं चालत नव्हतं. कोणी शिंजुकू म्हणे, कोणी उएनो. एका ठिकाणी खोली इतकी लहान की बॅग उघडायची तर माणसाने पलंगावर चढून बसायचं.

"नीलूने दोन वर्षं अभ्यास केला होता गं याचा. तिची ती वही असेल ना घरात?" मावशी म्हणाली. "आम्ही तिच्या आठवणीसाठीच जातोय. तिची फार इच्छा होती."

"बघते," उत्तरा म्हणाली. "सापडली तर कळवते तुम्हाला."

"मला कधीपासून अहो-जाहो करायला लागलीस?"

"वय झालं ना तुमचं."

मावशी हसली. उत्तराने फोन ठेवला आणि हातातला स्वेटर उलगडून त्याची पुन्हा घडी घातली. वही कुठे आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं. पलंगाशेजारच्या खणात, औषधांच्या कागदांखाली.

आई-बाबा धरून या तीन जोडप्यांनी पंचवीस वर्षं एकत्र प्रवास केला होता. मिनेसोटाच्या पहिल्या हिवाळ्यात एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये तिघी नव्या सुना म्हणून येऊन पडल्या, तिथपासूनची ही ओळख. दर वर्षी एक ट्रिप. यलोस्टोन झालं, अलास्का झालं, ग्रीस झालं. बेत नेहमी आईचा. नीलांबरीने ठरवलं की बाकीचे बॅगा भरत. ती हॉटेलच्या फोटोवर कधी विश्वास ठेवत नसे. नकाशावर बोट ठेवून स्टेशनपासून दारापर्यंत आधी स्वतः चालून बघे, आणि मगच बुकिंग करायची. जपान तिच्या मनात सगळ्यात जास्त दिवस होतं. एप्रिलमध्ये जायचं ठरलं होतं, चेरी फुलते तेव्हा.

आदल्या सप्टेंबरात तिच्या पोटात गाठ निघाली. जानेवारीत अनया मावशी मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन आली, आईच्या पायाशी बसली आणि म्हणाली, की जपान आम्ही सगळ्यांनी पुढे ढकललंय, तू बरी झालीस की जाऊ, तुझ्याशिवाय काय मजा. आईला रडू आलं. मावशीलाही आलं. उत्तरा तेव्हा दारात उभी होती. आपल्या आईला अशी मैत्रीण आहे याचं तिला फार बरं वाटलं होतं.

मार्चच्या चार तारखेला मावशीने फोन करून चटणी मागितली.

प्रत्येक ट्रिपला सुक्या खोबऱ्याची लसूण घातलेली चटणी आईकडून जायची. माणशी रोज एक असं छोटं हवाबंद पाकीट. परदेशात कुठलाही पाव, कुठलाही भात समोर आला तरी त्यावर ते पाकीट फोडलं की झालं. आई त्यात तीळ घालत नसे, कारण सुमंत काकांना तीळ चालत नाहीत. एक दाणा पोटात गेला तरी त्यांचा घसा सुजतो. मावशी म्हणाली, की एडिसनला भावाकडे मुंज आहे, पाहुण्यांना परतभेटीसोबत द्यायला हवी. तुला जमत असेल तरच हं, उत्तरा आहे ना मदतीला. चाळीस पाकिटं पुरेत. आणि तीळ नको घालूस.

केमोनंतर आईला लसणाचा वास सोसत नव्हता. ती कोट घालून, कानटोपी ओढून मागच्या डेकचं दार उघडं टाकून दारात खुर्चीवर बसली. बाहेर बर्फ होतं. तिथून ती सांगत होती आणि उत्तरा खोबरं भाजत होती, मिक्सर फिरवत होती. पाकिटं बंद करता करता उत्तरा म्हणाली, की एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपल्याच दुकानांत ढिगाने चटण्या मिळत असताना मिनेसोटाहून कशाला न्यायची.

आईने भरलेली पाकिटं नजरेने मोजली. मग म्हणाली, "मुंजीला नाही नेत आहेत ती. चार माणसं, दहा दिवस. आम्ही दोघं असतो तर साठ झाली असती."

उत्तराने मिक्सरचं भांडं तसंच ठेवलं. आत्ताच्या आत्ता फोन करते म्हणाली. आईने तिला करू दिला नाही. पाकिटं मोजून डब्यात भरायला लावली आणि दुसऱ्या दिवशी प्रताप काका ऑफिसला जाताना घेऊन गेले. बाबांना यातलं काही सांगायचं नाही, असंही तिने बजावलं. त्यांचे मित्र थोडेच उरले आहेत, म्हणाली.

एकवीस मार्चला आई गेली. दिवसकार्याला आलेले सुमंत काका भाबडे. उत्तराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी एप्रिलच्या दोन तारखेची तिकिटं पुढे ढकलली बरं का बेटा. अशात कसं जाणार?" मागे उभ्या असलेल्या अनया मावशीचा चेहरा एकदम उतरला. मग उत्तराने नुसती मान हलवल्यावर तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. त्या क्षणी उत्तराला कळलं, की मावशीला तिकिटांची भीती नाही. नीलूला हे कळलं होतं का, एवढीच तिला भीती आहे. आणि कळलं नव्हतं असं तिने स्वतःच्या मनाशी ठरवून टाकलं आहे. त्या विश्वासावर ती झोपत असणार.

तेव्हापासून उत्तरा ही एक गोष्ट जपून होती. कुठे, कशी वापरायची ते तिला ठरवता येत नव्हतं.

फोन ठेवल्यावर तिने पहिल्यांदा जे केलं ते तिच्या नोकरीला साजेसं होतं. ती एका विमा कंपनीत लोकांचे क्लेम नाकारणारी पत्रं लिहायची. प्रत्येक वाक्य खरं, आणि सगळी मिळून समोरच्याला उभं राहायला जागा नाही, अशी. दोन दिवस खपून तिने टोकियोतल्या यानाका भागातली एक जुनी सराई शोधून काढली. लाकडी, पारंपरिक, परीक्षणांत सगळ्यांनी 'अस्सल' म्हणून गौरवलेली. स्टेशनपासून तेरा मिनिटं, त्यात चढ आणि दगडी पायऱ्या. लिफ्ट नाही. खोल्या वरच्या मजल्यावर, जिना शिडीसारखा उभा. झोपायला जमिनीवर गाद्या, बसायला खुर्ची कुठेच नाही. मध्ये कागदी दारं. अंघोळीला एकच सामाईक हौद, सगळ्या बायकांनी एकत्र, अंगावर चिंधीसुद्धा न ठेवता. रात्री दहाला बाहेरचं दार बंद. आणि पैसे आगाऊ, नंतर बदल नाही.

अनया मावशीचा डावा गुडघा कामातून गेलेला होता. जमिनीवर बसली तर तिला दोघांनी धरून उठवावं लागे. आश्लेषा काकू ट्रायल रूममध्येसुद्धा आतून दोनदा कडी तपासणारी बाई. आणि प्रताप काकांचं घोरणं कागदी दारातून ऐकायला सुमंत काका शेजारी असणारच होते. उत्तराने ईमेल लिहिला. 'जुन्या टोकियोचा खरा अनुभव', 'शांत वस्ती', 'पाहुण्यांची घरच्यासारखी सोय'. एकही शब्द खोटा नव्हता. रोज सकाळी त्या जिन्यावरून मावशी बसत बसत, एकेक पायरी उतरते आहे, असं चित्र तिने मनात रंगवलं आणि किती तरी दिवसांनी तिला पोटभर जेवण गेलं.

पाठवण्याआधी वहीतला आईचा एखादा शब्द घालावा म्हणून तिने खण उघडला. 'आईच्या वहीत आहे' एवढं म्हटलं की मावशी काही तपासणार नाही.

वही निळ्या पुठ्ठ्याची होती. पहिली पन्नासेक पानं भराभर लिहिलेली, नकाशांचे तुकडे चिकटवलेले. शिंजुकूवर काट मारली होती: 'स्टेशनला दारं दोनशे. आपल्यातलं कोणीतरी दुसऱ्याच दाराने बाहेर पडेल आणि मग दिवसभर शोधा.' 'सेमी-डबल पलंग दोघांना घेऊ नये. आपल्या दिवाणाएवढा.' 'खोली माणसं मोजून देतात. दोघांची घेऊन तिसरा गुपचूप आत नेता येत नाही, इथल्या मोटेलसारखं. आधीच खरं सांगावं.' उत्तरा वाचता वाचता हसली. मग अक्षर बदललं. ओळी तिरप्या झाल्या, पेन मध्येच टेकवलेलं दिसू लागलं. वरती तारीख होती. चार मार्च.

चटणीची पाकिटं भरून झाल्यावर आईने त्या दुपारी वही मागून घेतली होती. उत्तराला ते आठवलं. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहीत असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

'असाकुसा नक्की. हानेदा विमानतळाहून एकच गाडी, बदलायची नाही. स्टेशनात लिफ्ट एकाच दाराला आहे, ते दार लक्षात ठेवायचं. ३ खोल्या.

अनया-प्रताप: लिफ्टजवळची नको, शेवटची. प्रताप घोरतो. पण बाथरूमला धरायला दांडी हवी, विचारून घेणे. अनयाचा डावा गुडघा. ती सांगणार नाही, जिना दिसला की फोटो काढायला थांबेल. तेव्हा आपणही थांबायचं.

सुमंत-आश्लेषा: सकाळचा नाश्ता हॉटेलात घेऊ नये, तीळ सगळ्यात असतात. जपानी अक्षरांतलं कार्ड छापून सुमंतच्या पाकिटात, एक आश्लेषाच्या पर्समध्ये. तो हरवतो.

आम्ही: खोलीतच अंघोळीची सोय असली पाहिजे. सामाईक नको. टोपी काढायला लागेल.'

आणि पानाच्या तळाशी, वेगळ्या शाईत: 'विचारायला येतील तेव्हा समजावून सांगायचं.'

उत्तरा पलंगाच्या कडेवर बसून राहिली. हे वाचून तिला आई थोर वाटायला हवी होती, असं तिला कळत होतं. क्षमा वगैरे. पण आई क्षमाशील नव्हती. भाजीवाल्याने एकदा फसवलं तर ती तीस वर्षं त्याचं नाव काढायची. हे दुसरंच काही होतं. चार मार्चला आईला सगळं कळलं आणि त्याच दुपारी ती कामाला बसली, कारण आपल्याशिवाय यांना राहायला जागा मिळणार नाही, झक्कत आपल्याकडे यावं लागेल, अशी तिची खात्री होती. त्या दिवसापासून पुढे सतरा दिवस ती वाट बघत होती. दारावरची बेल वाजली की उशी सरळ करायला सांगायची. उत्तराला वाटायचं, दुखतं म्हणून.

आणि ते आले नव्हते. चटणी घेऊन गेले होते.

तिने ईमेल पुसून टाकला. ती सराई आता तिला पोरकट वाटली. दहा दिवस गुडघा दुखला असता, परत येऊन मावशीने त्याचा किस्सा केला असता आणि चार पार्ट्यांत हशा मिळवला असता. एवढ्याने भागणार नव्हतं.

तिने फोन केला. वही सापडली, म्हणाली. पण फोटो पाठवून उपयोग नाही, आईचं अक्षर लागणार नाही. शनिवारी दुपारी एकट्याच या, आपण बसून बघू आणि लगेच बुक करून टाकू. मावशी म्हणाली, किती करतेस गं, अगदी नीलूवर गेलीयस.

शनिवारी मावशी बेसनाचे लाडू घेऊन आली. बाबा वरती झोपले होते. उत्तराने चहा केला, आलं किसून घातलं, लॅपटॉप उघडून ठेवला आणि वही मावशीपुढे सरकवली. सुरुवातीची पानं मावशीने मोठ्याने वाचली. दोनशे दारांशी आल्यावर ती हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. "बघ ना, कशी होती," ती म्हणाली. उत्तराने पानं उलटू दिली.

मग मावशी मोठ्याने वाचायची थांबली.

तिचं बोट पहिल्यांदा गुडघ्याच्या ओळीवर थांबलं. तिथून खाली गेलं, टोपीपर्यंत आणि तळाच्या ओळीपर्यंत. मग सावकाश वर आलं आणि तारखेवर टेकलं. चहावर साय धरली. स्वयंपाकघरात फ्रिजचा आवाज चालू होता.

"ही तारीख," मावशी म्हणाली. "आधीचं असेल. नंतर कधीतरी तारीख घातली असेल तिने. औषधांमुळे तिला दिवस लक्षात राहायचे नाहीत."

"चार मार्च. तुम्ही चटणी मागितलीत तो दिवस."

"मुंजीसाठी मागितली होती."

"मावशी, मुंजीच्या पाहुण्यांपैकी तीळ कोणाला चालत नव्हते?"

मावशीने चहाचा कप बाजूला सरकवला.

"चार माणसं, दहा दिवस," उत्तरा म्हणाली. "पाकिटं मी भरली. हिशोब तिने केला, त्या दारात बसून. मला बोलू नको म्हणाली. मग ही वही मागितली."

मावशीचा हात वहीवरून निघाला आणि कुठे ठेवायचा ते न कळल्यासारखा मांडीवर पडला. ती सांगू लागली. आधी अडखळत, मग एकदम भडाभडा. तिकिटं परत होत नव्हती, सुमंतची रजा मंजूर झाली होती, प्रताप म्हणाला आपण थांबून ती थोडीच बरी होणार आहे. तिला सांगितलं असतं तर जिवाला लागलं असतं तिच्या. सांगायचं नाही हे तिच्यासाठीच ठरवलं होतं. देवाशपथ, तिच्यासाठीच. चटणीची मोठी चूक झाली. आश्लेषा म्हणाली होती नको मागूस, पण इतक्या वर्षांत चटणी नाही असं कधी झालंच नव्हतं, हाताला सवय, तोंडातून निघून गेलं.

उत्तराने सगळं ऐकून घेतलं. मध्ये कुठेही ती 'असू दे' म्हणाली नाही. मावशी त्या शब्दाची वाट बघत थांबते आहे, हे तिला प्रत्येक वाक्याच्या शेवटी दिसत होतं. तिने लाडवांच्या डब्याचं झाकण नीट बसवलं.

"ती काही बोलली का?" मावशीने शेवटी विचारलं. "माझ्याबद्दल. शेवटी."

उत्तराला दोन उत्तरं सुचली. एक गोड होतं आणि खोटं. दुसरं खरं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तुमचं नाव घेतलं नाही. बेल वाजली की फक्त दाराकडे बघायची."

मावशीने पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवला. मग म्हणाली, की आम्ही नाही जात आता. कॅन्सल करते. मला नाही जमायचं तिथे राहायला.

"जायचं," उत्तरा म्हणाली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "इतका अभ्यास तिने कोणासाठी केला? तिच्या आठवणीसाठी जाताय ना. तिने सांगितलंय तिथेच राहायचं." पान उघडलेलंच होतं. असाकुसा, लिफ्टचं दार, बाथरूमला दांडी. तिने दोन दिवसांपूर्वी हॉटेलला लिहून विचारूनही ठेवलं होतं. नोव्हेंबरच्या तारखा घातल्या. "किती खोल्या?"

मावशीने वही मिटली.

"तिथे माणसं मोजून खोली देतात. खरा आकडा सांगावा लागतो. किती खोल्या?"

"दोन," मावशी म्हणाली.

"माणसं?"

हे उत्तर यायला वेळ लागला. उत्तराने घाई केली नाही. कर्सर त्या चौकटीत लुकलुकत होता आणि तिला शांत, अगदी थंड वाटत होतं, डेकचं दार उघडं टाकल्यासारखं.

"चार," मावशी म्हणाली.

उत्तराने चार लिहिलं. मावशीचं नाव तिने स्वतःच टाइप केलं. कार्ड मावशीने पर्समधून काढून दिलं. कन्फर्मेशनचा ईमेल मावशीच्या फोनवर वाजला, तेव्हा दोघींनीही फोनकडे पाहिलं नाही. त्यानंतर उत्तराने तिळाची दोन कार्डं दिली. आईने लिहिलंय तशीच, छापून, प्लास्टिकमध्ये घालून. सुमंत काकांवर तिचा राग नव्हता.

दारात बूट घालताना मावशीला वाकता येईना. उत्तराने तिला स्टूल आणून दिलं, पण हात दिला नाही. उठता उठता मावशी म्हणाली, की घरी जाऊन प्रतापला सगळं सांगते. आश्लेषाला, सुमंतला पण. एकटीला हे पेलणार नाही.

"नका सांगू," उत्तरा म्हणाली. "जिवाला लागेल त्यांच्या."

मावशीने पर्स खांद्याला लावली. ती पायऱ्या उतरली, डावा पाय आधी, कठड्याला धरून. गाडीत बसली. उत्तरा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून बघत होती. गाडी सुरू झाली नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मावशी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या गॅरेजच्या दाराकडे बघत बसली होती. उत्तराने कप विसळले. सायीचा चहा ओतून दिला. बाहेर जावं असं तिला एकदा वाटलं. पण ते वाटणं तिच्या पायांपर्यंत पोचलं नाही.

बाबा डोळे चोळत खाली आले. ड्राइव्हवेत कोणाची गाडी आहे, त्यांनी विचारलं.

"अनया मावशी. हॉटेल विचारायला आल्या होत्या."

"मिळालं का?"

"मिळालं. आईच्या वहीतलंच."

बाबांचा चेहरा उजळला. "बरं केलंस," ते म्हणाले. खिडकीतून त्यांनी हात हलवला. मावशीने तो पाहिला नसावा. "अजून गेली नाही ती? आत तरी बोलाव."

"जातील," उत्तरा म्हणाली, आणि पुसायचं फडकं घेऊन कपांकडे वळली.